पॉलिहाऊसला अनुदान मिळालं, पण आत कोणतं बी लावायचं ते कोण सांगणार?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. शेतकरी असाल तर शेवटपर्यंत वाचा. नसाल तरी वाचा, कारण यात पैसा तुमचाही आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावात एका अप्पांच्या पॉलिहाऊसवर गेलो होतो. दहा गुंठे, नवंकोरं. ड्रीप, मल्चिंग, सगळं व्यवस्थित. काकडीचे वेल दोरीवर डोक्याच्या वर गेलेले, पिवळ्या फुलांनी भरलेले. पण काकडी नाही! करंगळीएवढी झाली की पिवळी पडून गळायची. जी चार-दोन टिकली होती तीही वेडीवाकडी.

"भाऊ, तीनदा टॉनिक दिलं, फवारे मारले. सेटिंगच होईना," अप्पा म्हणाले.

मी बियाण्याचं पाकीट मागितलं. त्यावर मोकळ्या शेतात लावायच्या संकरित काकडीचं नाव. दुकानदाराने सांगितलं होतं, "सगळी मादी फुलं येतात, म्हणजे फूल तितकी काकडी." अप्पांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

घोळ इथेच आहे. वेलाला सगळी मादी फुलं येणं वेगळं आणि परागीभवनाशिवाय फळ धरणं वेगळं. नेहमीच्या काकडीत नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. सकाळी मधमाशी नर फुलावरून मादी फुलावर जाते, तेव्हा फळ धरतं. आपल्या राहुरी विद्यापीठाच्या हिमांगी, फुले शुभांगी या जाती मोकळ्या शेतासाठी चांगल्या आहेत, पण त्यांनाही माशी लागतेच. पॉलिहाऊसला चारी बाजूंनी कीडरोधक जाळी. किडी आत येऊ नयेत म्हणूनच ती लावलेली असते. मग मधमाशी येणार कुठून?

म्हणून आत लावायची काकडी वेगळी. तिला पार्थेनोकार्पिक म्हणतात. माशी न येता फळ धरतं, आत बी नसतं. तिचं बी वजनावर नाही, नगावर मिळतं. अप्पांना एका बियाचे सहा रुपये सांगितले होते. अडीच हजार रोपं म्हणजे नुसतं बीच पंधरा हजारांचं. तिथे त्यांनी पैसे वाचवायला बघितलं आणि हंगाम घालवला.

पुढे आणखी एक झालं. कुणीतरी सल्ला दिला, "पडदे आणि जाळी उघडा, माश्या येतील." अप्पांनी उघडली. मधमाश्या थोड्या आल्या, पांढरी माशी आणि फुलकिडे भरपूर आले. पांढरी माशी विषाणूही घेऊन येते. आता निम्म्या वेलांची पानं आकसली आहेत.

मी दुकानदारालाही भेटलो. एकाच बाजूचं लिहायला नको. तो म्हणाला, "लोक येतात, काकडीचं बी द्या म्हणतात. पॉलिहाऊसचं की रानातलं हे सांगत नाहीत." यात तथ्य आहे. पण विचारायचं काम विकणाऱ्याचंही आहे ना?

माझा मूळ राग मात्र दुकानदारावर नाही. पॉलिहाऊस उभं करायला खर्चाच्या निम्मं अनुदान मिळतं, तेही ठरवून दिलेल्या मापदंडाप्रमाणे. अप्पांकडे तपासणीला माणसं आली. पाइप मोजले, कागदाची जाडी बघितली, फोटो काढले. हे हवंच, नाहीतर पाइपातही पैसे खाल्ले जातील. पण आत काय लावणार, बी कुठलं, माल कुठे विकणार, हे एकानेही विचारलं नाही. सांगाड्याची चौकशी कडक आणि पिकाची शून्य!

विक्रीचंही तसंच. आपल्या आठवडी बाजारात गिऱ्हाइकाला फिकी, बियांची गावठी काकडीच लागते. देठाकडचं टोक कापून, घासून फेस काढल्याशिवाय आपल्या घरात काकडी चिरत नाहीत. गडद हिरवी, लांब, बिनबियांची काकडी हॉटेलात आणि मोठ्या शहरात चालते. म्हणजे जात निवडायच्या आधी गाडी कुठे जाणार ते ठरवायला पाहिजे. क्रेट भरून झाल्यावर ठरवलं तर व्यापारी सांगेल तो भाव.

दिल्लीच्या पुसा संस्थेने पॉलिहाऊससाठी पार्थेनोकार्पिक काकडीचा स्वतःचा सुधारित वाण काढला आहे. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पहिला तोडा येतो. मी आपल्या तालुक्याच्या गावात पाच दुकानांत विचारलं. चौघांनी नावच ऐकलं नव्हतं, पाचवा म्हणाला, "मागणी नाही." माहिती नाही तर मागणी कुठून येणार?

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे.

१) बियाण्याच्या पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: "मधमाशी लागते" किंवा "मधमाशी लागत नाही". एवढी एक ओळ.

२) अनुदान पूर्ण सोडण्याआधी तालुका कृषी कार्यालयाने शेतकऱ्यासोबत बसून पीक, वाण आणि बाजार लिहून घ्यावा. तळेगाव दाभाड्याला पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं. त्यातलं वाणांचं एक सत्र तालुक्याला का होऊ नये?

३) लागवडीआधी मातीतल्या सूत्रकृमींची तपासणी सक्तीची करा. एकाच जागी काकडीमागून काकडी घेतली की मुळांवर गाठी येतात. मग कितीही महाग बी लावा, वेल बसतो.

आणि शेतकरी मित्रांनो, बी घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या. रिकामं पाकीट फेकू नका. बियाण्यात फसवणूक झाली तर तालुका तक्रार समितीकडे अर्ज करता येतो. ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बियाण्याच्याच प्रकरणात सांगितलं आहे. अप्पांकडे पाकीट होतं, बिल नव्हतं. "ओळखीचं दुकान, बिल काय मागायचं," म्हणाले. आता तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार?

निघताना ते म्हणाले, "भाऊ, माझं नाव नका टाकू, गावात हसतील." म्हणून टाकलं नाही. पण हसण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही.

तुमच्याकडे पॉलिहाऊस किंवा शेडनेट असेल तर खाली लिहा: कोणतं बी लावलं, कुणाच्या सल्ल्याने, काय अनुभव आला. सगळे अनुभव एकत्र करून पुढच्या आठवड्यात कृषी कार्यालयात लेखी देणार आहे. पटलं तर शेअर करा.