चादरीमागचा रंग

सोलापुरी चादरीला लागत नाहीत इतके रंग तिच्या वेबसाइटला लागतात. जकार्डच्या मागावर मोजक्या रंगांच्या सुतातून मोर, फुले, वेलबुट्टी उठते. वेबसाइट नव्याने करायची ठरली की मात्र वर जांभळी पट्टी, खाली निळ्यातून गुलाबीत विरघळणारी पार्श्वभूमी, पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘होलसेल दर’, आणि या गर्दीत कुठेतरी बिचारी चादर. पान भरल्यासारखे दिसते म्हणून मालक खूश. गिऱ्हाईक चादरीचा नेमका रंग कोणता, हे ताडत बसते.

या प्रश्नाचा छडा विणकरांच्याच एका कारखान्यात लागला होता, तोही दोनशे वर्षांपूर्वी. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणत. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल १८२४ साली तिथल्या रंगशाळेचा प्रमुख झाला आणि त्याच्यासमोर तक्रार आली, की काळ्या सुताचा रंग फिका उतरतो. त्याने ते सूत इतर ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून पाहिले. रंग चोख होता. निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणल्यामुळे तो निस्तेज भासत होता, एवढेच. शेजारच्या रंगांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला.

चादरीचेही तसेच. मरून चादरीचा फोटो भडक लाल पार्श्वभूमीवर ठेवला तर ती मळकट वाटते. हिरव्यावर ठेवला तर आहे त्याहून तांबडी. पार्सल उघडल्यावर ‘फोटोत होता तो रंग हा नव्हे’ म्हणणारे गिऱ्हाईक दर वेळी खोटे बोलत नसते. फोटोमागची जागा फिकी आणि बिनरंगी ठेवली, की निम्मे भांडण तिथेच मिटते. आता सोलापूरचा दुसरा माल म्हणजे टेरी टॉवेल, आणि त्यातला हॉटेलांना जाणारा पांढराशुभ्र. तो पांढऱ्या पानावर ठेवला तर दिसेनासाच होईल. त्याच्यामागे थोडी राखाडी छटा हवी. म्हणजे एकाच व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर चादरीचे पान आणि टॉवेलचे पान वेगळ्या पार्श्वभूमीचे असले तर ती चूक नाही, शहाणपण आहे. वेबसाइट बनवणारी मुले ‘सगळीकडे एकच थीम’ म्हणून याला नाके मुरडतात. मुरडू द्यावीत.

अक्षरांच्या रंगाला मात्र मोजमाप आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली ठरवलेल्या निकषानुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडफरक किमान ४.५ ला १ हवा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर काळे २१ ला १ भरते. पांढऱ्यावर शुद्ध लाल जेमतेम ४, पिवळ्यावर लाल सुमारे ३.७. साध्या मजकुराला दोन्ही नापास. उलट गडद मरूनवर पांढरे ११ च्या जवळ जाते. सोलापूरच्या नवी पेठेतल्या पाटीवर पिवळ्यावरची फूटभर लाल अक्षरे रस्त्यापलीकडून दिसतात, पण तीच जोडी दरपत्रकाच्या बारीक आकड्यांना लावली की डोळे शिणतात. सध्याची फॅशन, म्हणजे पांढऱ्यावर पुसट करडी अक्षरे, तर ३ च्याही खाली घसरते. मुंबईच्या वातानुकूलित खोलीत ती देखणी दिसत असतील. मे महिन्यात, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात टेम्पोजवळ उभा राहून मोबाइलवर दर पाहणाऱ्याला कोरे पानच दिसणार.

फॉन्टची गोष्ट याहून बिकट. दुकानाच्या पाटीवर कायद्याचा तरी डोळा आहे: २०२२ च्या दुरुस्तीनुसार देवनागरीतले मराठी नाव इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही, आणि मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. वेबसाइटवर असले काही बंधन दिसत नाही. तिथे इंग्रजीसाठी हौसेने फॉन्ट निवडतात; त्यात देवनागरी अक्षरेच नसतात, मग फोन स्वतःजवळचा कुठलाही फॉन्ट पुढे करतो. शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून इंग्रजीसारखे अक्षरांत अंतर सोडतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. दोन ओळी इतक्या जवळ आणतात की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. फार ठळक फॉन्ट घेतला तर ‘क्ष’ आणि ‘ष’च्या पोटातली जागा बुजते.

मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हाताने घडवलेले. मजकुराला मुक्त, दुकानाच्या नावाला बालू, एवढ्यावर चादरीची अख्खी वेबसाइट उभी राहते. बालूची भावंडे तेलुगू आणि कन्नडमध्येही आहेत, तम्मुडू आणि तम्मा या नावांनी. ज्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात आणि अक्कलकोटच्या बाजूने कन्नड बोलणारे गिऱ्हाईक येते, तिथे ही नुसती हौस नव्हे. तेलुगूला शिरोरेषा नाही, अक्षरे गोल. तिन्ही लिप्या एका पानावर सारख्या वजनाच्या दिसणे कठीण असते, ते काम इथे आयते झालेले आहे.

राहते मालाच्या जुन्या यादीचे दुखणे. बहुतेकांची दरपत्रके डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात. ती उचलून नव्या पानावर टाकली की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. त्यावरचा सोपा उपाय म्हणून यादीचा फोटोच चिकटवतात. मग ‘डबल बेड चादर’ असे शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही आणि मोबाइलवर ताणून वाचताना आकडे फुटतात. यादी युनिकोडमध्ये नव्याने आणून तपासायला माणूस बसवावा लागतो. नव्या वेबसाइटच्या कोटेशनमध्ये पार्श्वभूमीच्या रंगांचे पर्याय असतात, सरकत्या चित्रांचे पैसे असतात. या कामाची ओळ मालकाने स्वतःच घालून घ्यावी लागते.