जुन्या शिरस्त्राणाचे दान

पुण्यातील कोणत्याही पांढरपेशा घरात दारामागच्या खुंटीकडे किंवा माळ्यावरच्या अडगळीकडे नजर टाकली, तर तेथे एखाददुसरे जुने शिरस्त्राण, म्हणजे रोजच्या बोलीतले हेल्मेट, धूळ खात पडलेले हटकून आढळेल. एके काळी ते नित्य वापरात होते. पुढे पट्टा सैल झाला, आतले अस्तर कुजट वासाचे झाले, किंवा गाडी घसरून ते एकदा रस्त्यावर आपटले, आणि घरात नवे आले. मग जुन्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा तीन मार्गांनी सुटतो. काही जण ते ‘असू द्यावे’ म्हणून ठेवून देतात, काही जण भंगारवाल्याच्या हवाली करतात आणि पुष्कळ जण ते घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाला किंवा सोसायटीच्या रखवालदाराला देऊन टाकतात. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत सज्जनपणाचा समजला जातो. तोच सर्वांत धोक्याचा ठरू शकतो, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

शिरस्त्राणाच्या सक्तीवरून या शहराने जेवढा वाद घातला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या शहराने घातला असेल. २०१९ च्या प्रारंभी पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी हाती घेतली, तेव्हा झालेले मोर्चे, घोषणा आणि विनोद वाचकांच्या स्मरणात असतीलच. त्या वादाचा निकाल आकड्यांनी केव्हाच लावला आहे. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. शिरस्त्राण न घातलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले यांची त्यांतील संख्या ५०,०२९ होती. १ जून २०२१ पासून तर भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणचिन्हाखेरीज दुचाकीस्वारांसाठीचे शिरस्त्राण बनविणे वा विकणे हाच गुन्हा झाला. तात्पर्य, शिरस्त्राण घ्यावे कोणते आणि घालावे केव्हा, हे कायद्याने ठरवून दिले आहे. ते टाकावे केव्हा आणि कसे, याविषयी मात्र कायदा मौन पाळून आहे, आणि त्या मौनात आपणही सुखाने सहभागी आहोत.

या वस्तूचा इतिहास उद्बोधक आहे. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून विख्यात असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व साधार मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. पुढे १९५६ साली अमेरिकेत विल्यम स्नेल नावाचा शर्यतपटू डोक्यावर शिरस्त्राण असूनही दगावला, आणि त्याच्या स्नेह्यांनी १९५७ साली शिरस्त्राणांची परीक्षा घेणारी संस्था स्थापिली. लॉरेन्सच्या मृत्यूने शिरस्त्राण हवे हे शिकविले, तर स्नेलच्या मृत्यूने डोक्यावर काहीतरी असणे आणि डोके सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे शिकविले. पहिला धडा आपण कसाबसा गिरविला आहे. दुसरा अद्याप उघडलेलाही नाही.

शिरस्त्राणाचे खरे काम त्याचे चकचकीत कवच करीत नाही. त्या कवचाच्या आत थर्मोकोलच्या जातीचा एक दाट थर असतो. डोके आपटते त्या क्षणी हा थर चिरडला जातो आणि स्वतः चिरडला जाताना आघाताची शक्ती गिळून टाकतो. त्यामुळे मेंदूपर्यंत पोहोचणारा हादरा कमी होतो. स्पंज दाबला तर पुन्हा फुगतो, तसे या थराचे होत नाही. तो एकदाच आणि एकाच घावासाठी आपले बलिदान करतो. वरचे कवच मात्र पुष्कळदा जसेच्या तसे दिसते. दोन बोटांचा ओरखडा पुसून काढला, की मोठ्या अपघातातून आलेले शिरस्त्राण आणि नुकतेच दुकानातून आणलेले शिरस्त्राण यांतील भेद डोळ्यांना कळत नाही. संकट नेमके येथेच आहे.

नुसत्या वयाविषयी काय? स्नेल संस्था पाच वर्षांनी शिरस्त्राण बदलावे असे सुचविते, कारण घाम, केसांचे तेल, ऊन आणि रोजची हाताळणी यांनी डिंक, पट्टे आणि अस्तर झिजतात. ही मुदत म्हणजे कारखानदारांनी विक्री वाढविण्यासाठी काढलेली युक्ती आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. सायकलस्वारांच्या शिरस्त्राणांवरील परीक्षणांत कित्येक वर्षे जुना थरही घाव सोसण्यास समर्थ असल्याचे आढळले आहे. दुधाच्या पिशवीप्रमाणे शिरस्त्राण एका ठराविक सकाळी नासत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आमच्या दुचाकीच्या आरशावर बारमाही उन्हात लटकणारे शिरस्त्राण आणि प्रयोगशाळेत पोहोचलेले शिरस्त्राण यांची तुलना फार ताणता येणार नाही. म्हणून वय हा विवेकाने पाळावयाचा संकेत आहे, तर आघात हा अपवाद नसलेला नियम आहे. ज्याने एकदा डोके वाचविले, त्याचे आयुष्य संपले.

आता दानाकडे वळू. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीवर तिची पुढची तपासणी केव्हा, हे अक्षर आणि वर्ष यांनी लिहिलेले असते. ती टाकी ज्या घरात जाईल तेथील माणसाला ते वाचता येते. शिरस्त्राणावर त्याने सोसलेल्या घावांची नोंद कोठेही नसते. ते किती वेळा पडले, किती उन्हाळे बाहेर राहिले, याचा एकमेव साक्षीदार त्याचा पहिला मालक होय. त्याने ते न सांगता दुसऱ्याला दिले, की तो पुरावाच नष्ट होतो, आणि घेणारा तरुण डोक्यावर काहीतरी आहे या विश्वासाने निर्धास्त गाडी चालवितो. कठोपनिषदातील नचिकेताची कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली असेल. वाजश्रवसाने यज्ञात दूध आटलेल्या जराजर्जर गाई दान केल्या, तेव्हा त्या दानाची पोकळी प्रथम जाणवली ती त्याच्या कोवळ्या मुलाला. आपल्या घरातील मुलानेही असा प्रश्न विचारावयास हरकत नाही. जे शिरस्त्राण बाबा माझ्या डोक्यावर ठेवू देत नाहीत, ते मावशींच्या मुलाला का देतात?

यावर कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा जुने बरे. हा युक्तिवाद तुच्छ लेखण्याजोगा नाही. न आपटलेले, थोडी वर्षे वापरलेले, प्रमाणचिन्ह असलेले शिरस्त्राण त्याची खरी हकीकत सांगून आप्तेष्टाला दिले, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु जे आपण स्वतः घालणार नाही ते दुसऱ्यास देणे ही सोय झाली, दान नव्हे. साधे प्रमाणित शिरस्त्राण हजार रुपयांच्या आसपास मिळते. ज्यांना द्यावयाचे आहे त्यांना त्याची निम्मी किंमत द्यावी आणि जुने स्वतःच्या हाताने मोडावे. पुण्य त्यातच अधिक आहे.

मोडावे कसे, हेही सांगितले पाहिजे. प्रथम हनुवटीचा पट्टा कापावा, कारण पट्ट्याविना कोणी ते घालू शकत नाही. मग आतला थर ओढून काढावा आणि कवचावर पक्क्या रंगाने ‘निकामी’ असे लिहावे. कवच आणि थर निरनिराळे करून कचरावेचकांच्या स्वाधीन करावेत. थर जाळू मात्र नये, त्याचा धूर विषारी असतो. मोडण्यापूर्वीही एक चांगला उपयोग संभवतो. जखमी स्वाराच्या डोक्यावरून शिरस्त्राण मानेला धक्का न लावता कसे काढावे, याचा सराव प्रथमोपचाराच्या वर्गांत करावा लागतो. महाविद्यालये आणि रुग्णवाहिकांचे कर्मचारी यांना त्यासाठी जुनी शिरस्त्राणे उपयोगी पडतील.

तथापि सर्व भार गृहस्थाच्या विवेकावर टाकून शासनाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे. याच राज्याने २०१८ साली थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. निकामी विद्युत उपकरणे, बॅटऱ्या आणि प्लास्टिकची वेष्टने यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम आज देशात आहेत, आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांसाठीही ते लागू झाले. वाहनाची अंत्यव्यवस्था ठरली, पण स्वाराच्या मस्तकाचे रक्षण करणाऱ्या वस्तूची नाही! वास्तविक मार्ग अवघड नाही. नव्या दुचाकीबरोबर प्रमाणित शिरस्त्राण देण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकांवर घातलेलेच आहे. देण्याबरोबर जुने परत घेण्याचे बंधनही घालावे, परत करणाऱ्यास नव्याच्या किमतीत सवलत मिळावी आणि निर्मितीचे वर्ष कवचाच्या बाहेरच्या बाजूस सहज वाचता येईल असे छापावे. महापालिकेनेही प्रत्येक प्रभागात ती स्वीकारण्याची सोय करावी.

हे नियम होतील तेव्हा होतील. दारामागच्या खुंटीवरचे शिरस्त्राण मात्र आजच तेथे आहे, आणि त्याची हकीकत आज केवळ आपणांस ठाऊक आहे. ती हकीकत न सांगता ते घराबाहेर जाऊ देऊ नये, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती निश्चित आहे.