ध्येयं देशाची, पुस्तक जिल्ह्याचं

‘सीबीएसई पॅटर्न’ हे शब्द सध्या खानदेशातल्या प्रत्येक पालकसभेत ऐकू येतात. शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी 2025 मध्ये जाहीर केलं की राज्य मंडळाच्या शाळांना हा पॅटर्न टप्प्याटप्प्याने लागू होणार, सुरुवात पहिलीपासून. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, अखेर आमची पोरं देशाच्या बरोबरीला येणार. दुसरा म्हणतो, दिल्लीचं पुस्तक आलं की महाराष्ट्र बुडाला. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत आयुष्य घालवलं. सुरुवात चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, शेवट भुसावळ तालुक्यात. मला हे दोन्ही तट अर्धवट बोलत आहेत असं वाटतं.

आधी पहिल्या तटाची बाजू, कारण ती खोटी नाही. भुसावळला रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे, आयुध निर्माणी आहे. वडिलांची बदली इटारसीला झाली की पोरगं वर्षाच्या मध्येच शाळा बदलतं. तिथे अपूर्णांक होऊन गेलेले असतात, इथे सुरू व्हायचे असतात. अशा मुलांसाठी केंद्रीय विद्यालयं निघाली, ती उगाच नाही. दुसरं कारण ‘नीट’चं. डॉक्टर व्हायचं तर परीक्षा देशाला एक आणि तिचे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांशी जुळणारे. अमळनेरच्या शेतकऱ्याने पोटाला चिमटा घेऊन मुलीला लातूरला किंवा कोट्याला पाठवलं, तर त्याला भाषिक अस्मितेचं व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला नाही. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र चोपड्यात आणि चेन्नईत वेगळं नसतं. तिथे देशभर एकच अभ्यासक्रम असू द्या.

आणि समान गाभा काही आज दिल्लीहून येतोय असंही नाही. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत गेलं. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने दहा गाभाघटक ठरवले. त्यानंतर डी.एड. केलेल्या कोणत्याही गुरुजींना झोपेतून उठवून विचारा. स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास, घटनात्मक जबाबदाऱ्या, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरणाचं संरक्षण, वैज्ञानिक दृष्टिकोन, सगळे धडाधड म्हणून दाखवतील. त्याच धोरणाने हेही म्हटलं होतं की गाभा समान आणि बाकीचा भाग लवचीक. गाभा आम्ही पाठ केला. लवचीक भागाचं काय करायचं, हे आम्हाला कोणी विचारलं नाही.

मूल काय शिकून बाहेर पडावं, हे देशाने एकत्र ठरवावं. तिसरीतल्या मुलाला अर्थ समजून वाचता यावं, पाचवीतल्याला भागाकार यावा, ही अपेक्षा धडगावला वेगळी आणि दादरला वेगळी असता कामा नये. पण ते कोणत्या पुस्तकातून, कोणत्या उदाहरणाने, वर्षाच्या कोणत्या महिन्यात शिकवायचं, हे दुरून ठरवलं की बिघाड होतो.

एकच पुस्तक साऱ्या देशाला पुरवायचं म्हटलं की काय होतं, ते नुकतंच दिसलं. सीबीएसईच्या पुस्तकात शिवछत्रपतींचा इतिहास अवघ्या 68 शब्दांत उरकला आहे, अशी तक्रार 2025 मध्ये विधान परिषदेत झाली. त्याच वर्षी आलेल्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आलं. आपल्याला बरं वाटलं. पण त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या राज्यात दाखवलं म्हणून तिथल्या राजघराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि एनसीईआरटीला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. एका पुस्तकात साऱ्या राज्यांचे इतिहास बसवायचे तर पानांसाठी भांडणं होणारच. आपल्याकडे चौथीचं मूल शिवछत्रपतींवरचं अख्खं पुस्तक वाचतं. ती सोय राज्याचं पुस्तक होतं म्हणून झाली.

आता दुसऱ्या तटाकडे वळते. ‘दिल्लीचं नको, आपलं हवं’ म्हणणाऱ्यांचं ‘आपलं’ पुण्यापाशी संपतं. बालभारती 27 जानेवारी 1967 ला स्थापन झाली. गरिबातल्या गरिबाला स्वस्त आणि नेटकं पुस्तक देण्याचं मोठं काम तिने केलं, ते मी नाकारत नाही. पण सातपुड्याच्या पाड्यावरच्या पावरा मुलाला पुणे काय आणि दिल्ली काय, दोन्ही सारखीच लांब.

पहिलीच्या वर्गात मी अक्षरांचा तक्ता लावला होता. ‘न’समोर नळाचं चित्र. एका मुलीला उभं करून विचारलं, तर ती खणखणीत आवाजात म्हणाली, “न हापशाचा!” वर्ग हसला नाही, कारण साऱ्यांना तेच दिसत होतं. पाड्यावर नळ नव्हताच. पाणी हापशाचं आणि चित्रातूनही पाणीच पडत होतं. मुलीची समज पक्की होती. चित्र तिच्यासाठी काढलेलं नव्हतं. घरी पावरी बोलणाऱ्या त्या पोरांसाठी मराठीच आधी नवी भाषा होती. अशा वर्गात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 ला निघाला, 17 जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली आणि 29 जूनला दोन्ही रद्द झाले. साऱ्या राज्यात गदारोळ झाला, पण पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला मुळात किती भाषा येतात, याची मोजदाद त्यात फारशी कोणी केली नाही.

वेळापत्रकाचंही तसंच. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपणही तसंच करावं, अशी चर्चा अधूनमधून उठते. जळगावात एप्रिलअखेर पारा 44 अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं, ते मंत्रालयातल्या वातानुकूलित खोलीत कळायचं नाही. त्याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सालदारांची सालं संपतात आणि नवी ठरतात. खेड्यातली निम्मी बिऱ्हाडं त्या दिवसांत जागा बदलतात. हजेरी कोणाची घेणार? पण हे फक्त दिल्लीला समजत नाही असं म्हणू नका. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. ऊन आमच्याकडे तितकंच, पण आम्ही शासनाच्या लेखी कोकण-पुण्याबरोबर.

स्थानिक पुस्तक म्हणजे भरीत-भाकरीचे गोडवे आणि बहिणाबाईंचा फोटो, असा काहींचा समज आहे. म्हणून एक उदाहरण नीट सांगते. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर ठिकठिकाणी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या शेतीचे वेगवेगळे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पिकांचा क्रम फिरवायचा. पाणी पाटकरी सोडणार, राखण जागल्या करणार, देखरेखीला हवालदार आणि त्यांचा मेहनताना गावाने मिळून द्यायचा. पाणी कमी असलं की किती फड भिजवायचे, हे गाव बसून ठरवणार. माझ्या एका शिक्षक मैत्रिणीने तिकडच्या शाळेत फळ्यावर बंधारा आणि पाट काढला, तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगा ओरडला, “बाई, हाई ते आमना गावमा शे!” तोवर त्या पोराने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं.

तिने त्यावरून गणित घेतलं. पाळी इतक्या तासांची, फड इतक्या बिघ्यांचा, तर तीन बिघेवाल्याला किती वेळ पाणी? अपूर्णांक आले, गुणोत्तर आलं. मग विज्ञान : पाट उताराने का वाहतो. मग नागरिकशास्त्र : शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही तर तक्रार कोणाकडे. ‘जलव्यवस्थापन’ हा विषय देशाच्या अभ्यासक्रमातला. तो शिकवायची पांझरेकाठची वाट ही. बिहारमधल्या गयेतल्या मुलांना तोच विषय तिथल्या आहर-पईन या पारंपरिक सिंचन पद्धतीवरून शिकवता येईल. फड समजलेल्या मुलाला आहर-पईन दहा मिनिटांत कळेल.

“आमच्या पोरांना कापूस-केळीच शिकवणार का?” असं एका बापाने मला भर सभेत विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. गावातलं मूल गावातच अडकावं असं कोणाला वाटेल? म्हणूनच अपेक्षांचं माप देशाचं हवं, त्यात सवलत नको. पण ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखी गोष्टीकडे न्यावं, हे कोणतीही शिक्षिका पहिल्याच वर्षी शिकते. उलट्या दिशेने जाणारं मूल पाठांतर करतं आणि परीक्षेनंतर विसरतं.

आणि जिल्ह्याचं पुस्तक ही काही माझी नवी कल्पना नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्ह्यानुसार काढत आली आहे. मुखपृष्ठावर ‘जळगाव जिल्हा’ छापलेलं, आत आपलेच तालुके, आपल्याच नद्या. देशात फार थोड्या मुलांना असं पुस्तक मिळत असेल. पण आम्ही शिक्षकांनी ते कसं शिकवलं? बहुतेकांनी शेवटच्या तासाला, वाचून दाखवून. कारण राज्यभर एकच असणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेत त्यावर प्रश्न येऊ शकत नाही. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही, हा शाळेचा अलिखित कायदा आहे.

इंग्लंडने 1988 च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला. ब्रिटनमधल्याच स्कॉटलंडचा मात्र वेगळा आहे. जर्मनीत प्रत्येक राज्य आपला ठरवतं. त्यांनी देश मोडला नाही. आपणही घाबरायचं कारण नाही.

तेव्हा राज्य सरकारकडे मागणं स्पष्ट आहे. अकरावी-बारावीच्या विज्ञान-गणितात एनसीईआरटीची पुस्तकं खुशाल घ्या. पहिली ते आठवीच्या अपेक्षा देशाच्या ठेवा, पण पुस्तकं बालभारतीकडेच राहू द्या. परिसर अभ्यास, इतिहास आणि भूगोलाचा चौथा हिस्सा जिल्ह्याने लिहावा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, शिकवणारे शिक्षक आहेत, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था आहे. शाळा कधी उघडायची, तेही ऊन बघून जिल्ह्याला ठरवू द्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या चौथ्या हिश्श्याला वार्षिक परीक्षेत गुण द्या. नवी पुस्तकं आता टप्प्याटप्प्याने येत राहतील. पालकांनी आणि शिक्षकांनी ‘पॅटर्न कोणाचा’ हा वाद जरा बाजूला ठेवून पुढच्या पालकसभेत एवढंच विचारावं : तिसरीच्या पुस्तकावरचं आपल्या जिल्ह्याचं नाव राहणार आहे का, आणि त्याला किती गुण आहेत?