कोयनेचे ‘अवजल’ आणि दाभोळ खाडीचा आक्रोश

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एक वाक्य दर उन्हाळ्यात न चुकता ऐकू येते : ‘कोयनेचे पाणी समुद्रात वाया जाते.’ टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या आवर्तनाची ओरड सुरू झाली की सभांमधून हे वाक्य घोळवले जाते. २०२३च्या अपुऱ्या पावसानंतर तर या पाण्यावरून दोन शेजारी जिल्ह्यांतच जुंपली. पाटबंधारे खात्याने या पश्चिमेकडे उतरणाऱ्या पाण्याला नावही नेमके शोधले आहे, ‘अवजल’. वीजगृहाच्या चक्रांवरून गेलेले, काम संपलेले पाणी. शब्द मोठा सोयीचा आहे. काम संपलेले पाणी पुढे कोणाच्या दारातून जाते, त्यात काय मिसळते आणि त्यात जगणाऱ्या जिवांची काय गत होते, हे विचारण्याचे कारणच तो शिल्लक ठेवत नाही.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना निसर्गक्रमाने कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकपाशी धरण घालून आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खोदून तिचा प्रवाह पोफळीला उतरवला गेला, तेव्हापासून तिचा मोठा हिस्सा पश्चिमवाहिनी झाला. शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी. बच्छावत लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेले पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. या विजेसाठी कोयना खोऱ्यातली गावे बुडाली आणि त्यांच्या पुनर्वसनाची प्रकरणे साठ वर्षांनंतरही पुरती मिटलेली नाहीत. ते पाणी पोफळी, अलोरे, कोळकेवाडी असा उतार उतरून वाशिष्ठीत येते, चिपळूण ओलांडते आणि दाभोळच्या खाडीतून अंजनवेलच्या मुखाशी अरबी समुद्राला मिळते. तेव्हा दाभोळची खाडी ही केवळ रत्नागिरी जिल्ह्याची बाब आहे, असे म्हणण्याचा अधिकार साताऱ्याने आणि सांगलीने गमावला आहे. त्या खाडीत रोज साताऱ्याचे पाणी वाहते.

खाडी ही नदी नव्हे आणि समुद्रही नव्हे. दिवसातून दोनदा भरती खारे पाणी आत लोटते, दोनदा ओहोटी ते मागे ओढते, आणि वरून येणारे गोडे पाणी त्यात मिसळत राहते. या मचूळ पाण्यात, तिवरांच्या मुळांच्या आधाराने, कोळंबीची आणि कित्येक समुद्री माशांची पिल्ले वाढतात व पुरेशी मोठी झाली की बाहेर दर्यात जातात. बोय, शिंगटी, काळुंदर, तांबोशी, जिताडा, कोळंबी, चिंबोऱ्या, कालवे ही दाभोळ खाडीची जुनी दौलत. दोन्ही तीरांवरील भोई समाज पिढ्यान्‌पिढ्या पाग टाकून, डोल लावून या दौलतीवर जगला. त्याच्याकडे ना सातबारा, ना यांत्रिक बोट. खाडी हेच त्याचे शेत. पोफळीची चक्रे फिरू लागली आणि पावसाळ्यापुरते येणारे गोडे पाणी बारमाही झाले, तेव्हा खाऱ्या-गोड्या पाण्याची हद्द खाली सरकणे अटळ होते. त्या वेळी या भोयांना कोणी विचारले नाही. तरीही त्यांनी ते सोसले, कारण ते पाणी स्वच्छ होते.

लोट्याचे कर्तृत्व

सोसण्यापलीकडचे संकट आले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, वाशिष्ठी आणि जगबुडी यांच्या मधल्या पठारावर. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे राहिले. ज्या भार्गवरामाने समुद्र हटवून कोकणभूमी निर्माण केली अशी श्रद्धा आहे, त्याच्याच नावाच्या वसाहतीचे सांडपाणी करंबवण्याच्या खाडीत सोडण्याची योजना झाली. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारले गेले, नळ टाकले गेले, कागदोपत्री सर्व काही शुद्ध झाले. खाडीत मात्र मेलेल्या माशांचा खच पडत राहिला. भोई ओरडला की अधिकारी येतात, बाटल्यांत नमुने भरतात आणि जातात. अहवाल येईपर्यंत सहा-सहा तासांची कित्येक भरती-ओहोटी होऊन गेलेली असते. मेलेला मासा वाहून जातो, त्याबरोबर पुरावाही वाहून जातो.

हे केवळ खाडीकाठच्या लोकांचे रडगाणे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी केंद्र शासनाने नेमलेल्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल उघडावा. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील या गटाच्या सर्व शिफारशी कोणी मान्य कराव्यात असे नाही. त्यावर कोकणात आणि घाटावर भरपूर वाद झाले. परंतु लोट्याविषयी त्यात नोंदवलेले दोन आकडे कोणीही खोडून काढलेले नाहीत. वसाहतीने रोजगार दिला सुमारे ११ हजार जणांना. प्रदूषणामुळे रोजगार बुडालेल्या मच्छीमारांची संख्या, मच्छीमारांच्याच सांगण्यानुसार, २० हजार. दुसरा आकडा अधिक लाजिरवाणा. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश तब्बल १९१ दिवस लागू होते. विष सोडणाऱ्यावर बंदी नाही, विषाविरुद्ध एकत्र येणाऱ्यावर बंदी! इंग्रजांच्या राज्यात याहून निराळे काय घडत होते?

यावर ठरलेले उत्तर असते रोजगाराचे. कारखाने बंद करायचे काय, कोकणी तरुणाने पुन्हा मुंबईची वाट धरायची काय, असा उलटा सवाल टाकला जातो. कारखाने बंद करा असे खाडीकाठचा माणूस म्हणत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडा, हा कायदा १९७४ पासून देशात आहे, तो पाळा, एवढेच तो म्हणतो. कायदा पाळून जो कारखाना चालू शकत नाही, त्याचा नफा हा नफा नसून भोयाच्या ताटातून ओढून घेतलेला घास आहे. अकरा हजारांना काम देताना वीस हजारांचे काम गेले असेल, तर तो कोणत्या गणिताने विकास ठरतो, हे एकदा उद्योगखात्याने मांडून दाखवावे.

दुसरे उत्तर अधिक धूर्त आहे आणि त्याचा थेट संबंध साताऱ्याशी पोहोचतो. वरून कोयनेचे एवढे पाणी येते की त्यात सांडपाणी विरून जाते, असा तो युक्तिवाद. म्हणजे ज्या पाण्यासाठी पाटण-जावळीच्या शेतकऱ्याने गाव सोडले, ज्या पाण्यासाठी जत-आटपाडीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला, ते पाणी कारखानदारांची घाण धुण्यासाठी! शिवाय वीजनिर्मिती दिवसभर सारखी चालत नाही. विजेची मागणी वाढली की पाणी सुटते, घटली की थांबते. ज्या घटकेला पोफळीहून पाणी कमी येते आणि त्याच वेळी भरतीचे तोंड लागते, त्या घटकेला खाडीत सोडलेले सांडपाणी विरत नाही. ते वर लोटले जाते आणि डोहांमध्ये साचते. मासा सरासरीच्या पाण्यात जगत नाही. त्या एका घटकेच्या पाण्यात तो मरतो.

उत्सवावर बोट, कारखान्याला अभय

याच ठिकाणी तथाकथित पर्यावरणप्रेमींच्या दुटप्पीपणाचा उल्लेख अपरिहार्य आहे. भाद्रपद आला की सांगलीच्या कृष्णाकाठी आणि साताऱ्याच्या संगम माहुलीला गणेशमूर्तींचे विसर्जन हाच जणू नदीचा मुख्य शत्रू, अशी प्रचाराची राळ उठते. मूर्ती शाडूची असावी, हे परंपरेलाही धरूनच आहे. त्यावर वाद नको. परंतु दीड दिवस ते दहा दिवसांच्या उत्सवासाठी हौद, फलक, स्वयंसेवक आणि अग्रलेख उभे करणारी ही मंडळी उरलेल्या ३५५ दिवसांत कोठे असतात? सांगलीचा शेरी नाला वर्षानुवर्षे कृष्णामाईच्या पात्रात शहराचा मैला ओततो आहे. त्याचे पाणी धुळगावला नेण्याची योजना झाली, पैसा खर्च झाला, तरी नाला नदीला मिळतच राहिला. मार्च २०२३ मध्ये अंकलीच्या पुलाजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचे थर तरंगले. काठावरच्या गावांनी ते डोळ्यांनी पाहिले. प्राणवायू संपलेल्या त्या पाण्यात गणपतीची मूर्ती नव्हती. गणेशोत्सवाला अजून सहा महिने होते.

घाटाच्या पूर्वेला अंकली, पश्चिमेला करंबवणे. पाणी एकाच डोंगराचे, प्रदूषण नियंत्रण मंडळ एकच, नमुना घेऊन जाण्याची रीतही एकच. म्हणूनच सांगलीच्या नागरिकाने अंकलीच्या माशांसाठी आवाज उठवताना करंबवण्याच्या माशांबद्दल गप्प राहणे हा केवळ कोतेपणा नव्हे, आत्मघातही आहे.

अठराव्या शतकात साताऱ्याला हे कळत होते. १७२७ मध्ये सिद्दी साताने चिपळूणजवळचे परशुराम देवस्थान लुटले. तेथील ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून साताऱ्याजवळच्या धावडशीला आले. ‘कोकणातले देऊळ, साताऱ्याला काय त्याचे’ असे तेव्हा कोणी म्हटले नाही. शाहू महाराजांपासून थोरल्या बाजीरावांपर्यंत सर्वांनी स्वामींचा शब्द उचलून धरला आणि १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम निघाली. त्या देवस्थानाच्या पायथ्याची वाशिष्ठी आज विटाळली जात असताना साताऱ्यातून एक निवेदनही निघू नये, हा केवढा तेजोभंग!

बाहेरच्या दर्याची स्थितीही वेगळी नाही. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर घसरली, साडेचार दशकांतील नीचांक. त्या वर्षी लागोपाठच्या वादळांनी बोटी किनाऱ्याला खिळल्या, हे खरे. पण वादळे ओसरली तरी मूळ रोग राहतोच. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही रात्री समुद्रात दिव्यांचा झगमगाट दिसल्याच्या तक्रारी पारंपरिक मच्छीमार करतच आहेत. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून गौरवले. गौरव योग्यच. मात्र दर्यात लहान पिल्ले जाळ्यात ओढली जातात आणि खाड्यांतील रोपवाटिका रसायनांनी करपतात, तेव्हा असा गौरव श्राद्धाच्या निमंत्रणासारखा वाटतो.

कुंभार्ली घाटाने पाणी खाली जाते आणि मासळी वर येते. कराड, सातारा, सांगली, मिरजेच्या बाजारात कोकणची मासळी विकली जाते. गिऱ्हाईक भाव वाढल्याची कुरकुर करते, पण भाव का वाढला हे त्याला सांगणारे कोणी नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले तेव्हा कोयनेच्या पाण्यावर आणि वाशिष्ठीच्या गाळावर चर्चा झाली; उपोषणे झाल्यावर गाळ काढण्याचे कामही निघाले. खाडीत शतकानुशतके जाळे टाकणाऱ्याला त्या चर्चेत कोणी खुर्ची दिली नाही.

आता हेच अवजल मुंबईला नेण्याचे आराखडे पुन:पुन्हा पुढे येतात आणि घाटावरून पश्चिमेचे पाणी कमी करून पूर्वेला वाढवा, ही मागणीही जोर धरते. दोन्ही मागण्यांत तथ्य असू शकते. तहानेलेल्या दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळालेच पाहिजे. परंतु कोणताही निर्णय होण्यापूर्वी, वरचे पाणी घटल्यावर खाडीतील विषाचे प्रमाण किती चढेल, याचा हिशेब जाहीर व्हावा. करंबवण्याच्या मुखाशी सांडपाण्याची अखंड मोजणी करणारे यंत्र बसवावे आणि त्याचे आकडे कारखान्याच्या दालनात नव्हे, तर ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. पोफळीच्या वीजनिर्मितीचे वेळापत्रक आणि सांडपाणी सोडण्याची वेळ यांची सांगड घालण्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकावी. मासे मेल्याचे सिद्ध होताच भरपाई आधी भोयाला मिळावी, वसुलीची तारीख-पे-तारीख नंतर चालू द्यावी. आणि कोयनेच्या पाणीवाटपाची बैठक साताऱ्यात भरो, सांगलीत भरो की मुंबईत, पाटण-जावळीच्या धरणग्रस्तांइतक्याच मानाने दाभोळ खाडीच्या भोई पंचांना त्या बैठकीचे लेखी निमंत्रण जावे.