कंपनीची गाडी सोडताना पत्र मागून घ्या



कंपनीची गाडी सुटली की नो क्लेम बोनसही गेला आणि विम्याची सुरुवात शून्यापासून, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाने लिहिले आहे. गाडी कंपनीला परत देऊन दुसरी घेतली, तर ते खरे आहे. पण आमच्या धुळे-नाशिक पट्ट्यातले अनेक कर्मचारी निवृत्तीच्या वेळी तीच गाडी कंपनीकडून विकत घेतात. त्यांना हे लागू नाही.

मोटार विमा टॅरिफच्या नियम 27 मध्ये याची स्पष्ट तरतूद आहे. गाडी कर्मचाऱ्याच्या नावावर झाली, तर गाडी त्याच्याकडे असताना साठलेला बोनस त्यालाच मिळायला हवा. अट एकच: गाडी त्यालाच दिलेली होती आणि तोच ती वापरत होता, असे कंपनीचे पत्र हवे. सलग पाच वर्षे दावा नसेल तर बोनस 50 टक्क्यांपर्यंत जातो; तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, तृतीय पक्षाच्या नाही. हे पत्र नोकरीत असतानाच घ्यावे. नंतर साहेब बदलतात, फायली सापडत नाहीत.

दुसरे, आरटीओत नाव बदलले म्हणजे विमा बदलला असे नाही. मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येते. आपल्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. महामार्गाला लागून असलेल्या सोनगीरकरांनी तर यात एक दिवसही दवडू नये.

— एक निवृत्त कर्मचारी, सोनगीर (जि. धुळे)