उघडी कूपनलिका आणि पुराव्याची दिशा

२०१९ च्या जूनमध्ये पंजाबातील संगरूर जिल्ह्यात आणि ऑक्टोबरात तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यात प्रत्येकी दोन वर्षांचे एक बालक वापरात नसलेल्या कूपनलिकेत पडून मरण पावले. दोन्ही वेळा साऱ्या देशाने बचावकार्य डोळ्यांत प्राण आणून पाहिले. अशा मृत्यूनंतर प्रश्न मात्र एकच विचारला जातो: पालकांचे लक्ष कोठे होते?

हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला आहे. पंचनामा खड्ड्याच्या तोंडाशी होतो आणि त्यातून मूल कसे पडले एवढेच कळते. तोंड उघडे का राहिले याचा पुरावा जिल्हाधिकारी कचेरीत असतो, निदान असावयास हवा. ११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट निर्देश दिले. खोदण्यापूर्वी पंधरा दिवस लेखी सूचना, खोदणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी, सभोवती कुंपण, तोंडावर पोलादी झाकण. आणि विहीर सोडून दिल्यास ती तळापासून जमिनीपर्यंत बुजवून तसा दाखला. कोणत्या गावात किती कूपनलिका उघड्या आहेत याची नोंद जिल्हा पातळीवर ठेवणेही त्यातच आले.

फौजदारी कायद्याची वाट येथे अरुंद आहे. कुर्बान हुसेन प्रकरणात (१९६५) मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजीपणाचा प्रत्यक्ष परिणाम असला पाहिजे, दूरचे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने ठरविले. दंडविधानाच्या कलम ३०४-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. परंतु शिक्षा वाढल्याने पुराव्याची साखळी जुळत नाही. खोदाई आणि अपघात यांत कित्येकदा वर्षे गेलेली असतात. साखळीच्या शेवटच्या टोकाला सापडतो तो जमिनीचा मालक, आणि पुष्कळदा तोच मृत मुलाचा बाप असतो!

त्या बापाचा हिशेबही पाहावा. पाणी लागले नाही, कर्ज मात्र डोक्यावर राहिले. निदान केसिंगचा पाइप तरी वाचावा म्हणून तो उपसून काढला जातो आणि बोअरचे तोंड मोकळे होते. बुजविण्याचा खर्च बुडालेल्या पैशांवर आणखी एक भुर्दंड ठरतो. खोदणाऱ्याची गाडी तोवर दुसऱ्या गावी पोचलेली असते. मालक निर्दोष आहे असे नव्हे. परंतु पैसे घेऊन निघून जाणारा आणि नोंद न ठेवणारा हे दोघे आरोपपत्राबाहेर राहावेत, यात कोणता न्याय?

दिवाणी कायदा येथे अधिक उपयोगी पडू शकतो. दिल्लीतील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, त्या सुभगवंती प्रकरणात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने मनोरा पडणे हाच हलगर्जीचा प्रथमदर्शनी पुरावा मानला आणि नगरपालिकेला जबाबदार धरले. तेथे नगरपालिका मालक होती. येथे शासन मालक नाही, हा भेद खरा. परंतु देखरेखीचे कर्तव्य न्यायालयाने प्रशासनावर टाकलेले असताना ते पार पाडल्याचे सिद्ध करण्याचा भार मृत मुलाच्या आईवर का असावा?

ती नोंदवही आपल्या जिल्ह्यात आहे काय, हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून कोणाही कार्यकर्त्याला विचारता येते. पावसाळ्यापूर्वी विचारलेले बरे.