बदलीचा हुकूम

कचेरीवर विनोद करण्याची हौस आपल्या लोकांस जुनीच आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव दूरदर्शनवर आले तेव्हां दिलीप प्रभावळकरांच्या रूपानें एक भाबडा कारकून घरोघरींचा पाहुणा झाला. पुढें ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ मध्यें रघुवीर यादव कचेरीच्या टेबलाशीं बसल्या बसल्या दिवास्वप्नें पाहूं लागले. आणि २००१ सालीं ‘ऑफिस ऑफिस’ मध्यें पंकज कपूरांचे मुसद्दीलाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे हेलपाटे घालूं लागले. या साऱ्यांत आपण हंसलों तें कचेरीला किंवा तिच्या कचाट्यांत सांपडलेल्या जिवाला. कचेरींतून माणूस जाऊं नये म्हणून गांवानें हट्ट धरावा, हा प्रकार मात्र निराळा. आणि तोच ‘पंचायत’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या प्रारंभीं पाहावयास मिळतो.

ही हिंदी मालिका २०२० सालीं सुरू झाली. उत्तर प्रदेशांतील बलिया जिल्ह्यांत फुलेरा नांवाचें गांव कल्पून, दुसरी नोकरी न मिळाल्यामुळें तेथें पंचायतीचा सचिव झालेल्या अभियंता तरुणाची ही कथा. लेखक चंदनकुमार, दिग्दर्शक दीपककुमार मिश्र. तिसरें पर्व २८ मे २०२४ रोजीं आलें. २०२५ च्या जूनमध्यें चौथेंही झालें. तरी आम्ही मागें वळून तिसऱ्याच्या पहिल्या भागाविषयीं लिहीत आहों, त्यास कारण आहे.

भागाचा विषय एवढाच: जुन्या सचिवाची बदली झाली आहे, आणि नवा सचिव हुकूम घेऊन हजर होतो. प्रधानांची मंडळी नाना सबबी सांगून त्याला रुजू होऊं देत नाहींत. नवा माणूस कांहीं दुष्ट नव्हे. त्याच्या हातांतील कागदही खरा आहे. म्हणूनच त्याची फजिती पाहतांना हंसूं येतें आणि किंचित् लाजही वाटते. लगतच प्रह्लादाचें दुःख आहे. सैन्यांतील एकुलता मुलगा गमावलेला हा बाप फैसल मलिक यांनीं शब्द फारसे न खर्चितां उभा केला आहे. विनोदी मालिकेनें शोकावर घाईनें कोटी करूं नये, हें भान येथें सुटलेलें नाहीं. दोष दाखवावयाचा तर इतकाच, कीं सही मंजूदेवींची आणि कारभार यजमानांचा, हा विनोद आतां फार ताणला गेला आहे. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. आपल्याकडील पुष्कळ भगिनींस त्यावर हंसूं येणार नाहीं.

आतां कारण सांगतों. आमच्या स्नेह्यांचें नागपुरांत मोठें एकत्र कुटुंब आहे. त्यांचा नातू स्पर्धापरीक्षा देऊन महसूल खात्यांत लागला, आणि पहिलीच नेमणूक गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्लीस झाली. सूरजागडची डोंगररांग याच तालुक्यांतली. आजींनीं ऐकलें होतें तें खोटें नव्हतें: डिसेंबर २०१६ मध्यें तेथील लोहखाणीच्या कामावरील पंचाहत्तरांहून अधिक वाहनें माओवाद्यांनीं जाळलीं होतीं, हिवतापाची भीतिही होतीच. तेव्हां बदलीसाठीं ‘शब्द टाकण्याची’ विनंति आम्हांसही झाली. ज्या संध्याकाळीं ती झाली, त्याच संध्याकाळीं सारें घर हा भाग पाहण्यास बसलें होतें.

फुलेऱ्यांत सचिव गेला तर एक मित्र जातो. सूरजागडच्या बाजूस याहून अधिक जातें. तेथील माडिया गोंड लोकांची बोली निराळी, कागद मात्र मराठींत. डोंगरावर त्यांचा ठाकुरदेव. दर जानेवारींत त्याची यात्रा भरते. त्याच डोंगरांत लोखंड आहे. खाणपट्टा २००७ सालीं दिला गेला, आणि बरींच वर्षें रखडलेलें काम २०२१ पासून जोरानें चालूं झालें. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेस मान दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, वनजमीन अन्य कामास देण्यापूर्वीं ग्रामसभेची संमति असावी, असें परिपत्रक केंद्रानें २००९ सालीं काढलें. ओडिशांतील नियमगिरीवर २०१३ सालीं बारा ग्रामसभांनीं बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला, तेव्हां अशा ठरावाचें वजन देशानें पाहिलें. सभेंत लोक काय बोलले आणि कागदावर काय उतरलें, यांतील अंतर ज्यास कळतें असा मनुष्य तेथें असणें म्हणूनच महत्त्वाचें. तो तयार व्हावयास दोन-तीन वर्षें लागतात, आणि तेवढ्यांत त्याच्या बदलीचा हुकूम निघतो. ग्रामसेवक, तलाठी इत्यादि पदें स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीं, असें राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनें ठरविलें, त्यामागील मर्मही हेंच असावें.

भाग संपल्यावर मुलाच्या काकूंनीं एकच प्रश्न केला, “आपल्या मुलाला कोणी असें अडवील का हो?” आजोबा म्हणाले, “अडवण्याइतके दिवस राहूं कोठें देतों आपण?” मग कोणी कांहीं बोललें नाहीं.

आम्हीं शब्द टाकला नाहीं. आजींचा रोष आम्हांवर आहे, आणि तो अगदींच अनाठायीं आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. भीति त्यांची आहे, लिहिणें आमचें. मुलगा अद्याप तेथेंच आहे. गेल्या पत्रांत त्यानें माडियांतील कांहीं शब्द अर्थांसह लिहून पाठविले. आजींनीं तो कागद देवघरांत ठेवला आहे असें कळतें.

वाचकांनीं हा भाग घरांतील सर्व मंडळींसह अवश्य पाहावा. कचेरीला हंसण्यांत दोष नाहीं. मात्र आपल्या घरच्या मुलाची नेमणूक दूर झाली, तर वशिल्याचें पत्र लिहिण्याआधीं त्या गांवास एकवार विचारावें, कीं हा तुम्हांस हवा आहे काय?